पडद्यावरचा आकडा आणि नारळाचे तीन डोळे : सर्जिकल नेव्हिगेशन घरच्या टेबलावर शिकताना

माटोळी, फोंडा
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बायोमेडिकल इंजिनिअर. गेली अकरा वर्षे ऑपरेशन थिएटरमधली यंत्रे लावणे, तपासणे आणि बिघडली की रात्री-अपरात्री धावणे हेच माझे काम. आज लिहायला बसले आहे ती एका आकड्यापायी.

सर्जिकल नेव्हिगेशन पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रुग्णाचा सीटी किंवा एमआरआय आधी संगणकात घेतात. थिएटरमध्ये एक इन्फ्रारेड कॅमेरा असतो. डॉक्टरांच्या हातातल्या हत्याराला प्रकाश परतवणाऱ्या छोट्या गोळ्या लावलेल्या असतात. कॅमेरा त्या गोळ्या बघतो आणि हत्याराचे टोक या क्षणी सीटीवर कुठे आहे ते पडद्यावर दिसते. पण त्याआधी टेबलावरचा रुग्ण आणि संगणकातला सीटी एकमेकांशी जुळवावे लागतात. सीटीवर दिसणाऱ्या खुणांवर पॉइंटर टेकवायचा किंवा चेहऱ्यावरून फिरवायचा, मग सॉफ्टवेअर हिशेब करते. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. ते झाले की पडद्यावर मिलिमीटरमध्ये एक आकडा येतो.

दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयात कवटीच्या मागच्या बाजूची शस्त्रक्रिया होती. रजिस्ट्रेशन चेहऱ्यावरून केले. आकडा आला ०.८, चौकट हिरवी झाली. सगळे पुढे सरकणार इतक्यात सर्जनने सहज म्हणून पॉइंटर कानामागच्या उंचवट्याच्या हाडावर टेकवला. हाताला हाड लागत होते आणि पडद्यावर टोक हाडापासून नखभर दूर, हवेत. सर्जन थांबले. रजिस्ट्रेशन पुन्हा केले, अर्धा तास गेला, रुग्णाला काही झाले नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. प्रशिक्षण देणाऱ्याने मला एवढेच शिकवले होते : आकडा दोनच्या खाली, रंग हिरवा, पुढे चला. तो आकडा नेमके काय मोजतो हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

म्हणून घरी टेबल मांडले. सगळे सॉफ्टवेअर फुकट आणि खुल्या स्रोताचे.

थ्री-डी स्लायसर : १९९८ मध्ये बॉस्टनचे ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या दरम्यान एका मास्टर्सच्या प्रबंधातून सुरू झालेले. सीटी उघडणे, त्यातून त्रिमिती मॉडेल काढणे, हत्यार दाखवणे, सगळे यात होते.
स्लायसर-आयजीटी : त्याच्यावर बसणारी नेव्हिगेशनची जोड. पॉइंटरचे टोक शोधणे, खुणा जुळवणे, टोकाच्या जागी सीटीचा काप दाखवणे यासाठी तयार मॉड्यूल्स.
प्लस : कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या पर्क लॅबमधले. कॅमेरा, ट्रॅकर, अल्ट्रासाऊंड अशा उपकरणांशी बोलायचे काम याचे.
ओपन-आयजीटी-लिंक : प्लसने स्लायसरला माहिती द्यायची ती या भाषेत.

इन्फ्रारेड ट्रॅकर आपल्याला परवडणारा नाही. पण प्लसमध्ये साध्या वेबकॅमने आरूको खुणा ओळखायची सोय आहे. आरूको म्हणजे क्यूआर कोडसारखे काळे-पांढरे चौकोन. एक चौकोन लोकरीच्या सुईला बांधला, ती झाली पॉइंटर. दुसरा लावला रुग्णाला.

रुग्ण म्हणजे नारळ. सोललेला, शेंडी काढलेला. कवटीसारखा कठीण, आत मऊ, त्याच्या आत पाणी. शिवाय तीन डोळे देवानेच दिलेले. म्हटले, खुणा शोधायलाच नकोत! उलट्या टोकाला करवंटीत बारीक भोक पाडून आतल्या खोबऱ्यात सायकलच्या बेअरिंगमधला ३ मिलिमीटरचा छर्रा बसवला. भोक उघडे ठेवले. ओळखीच्या रेडिओग्राफर ताईंनी दिवसभराचे रुग्ण संपल्यावर सीटी काढून दिला.

तीन डोळ्यांवर सुई टेकवून रजिस्ट्रेशन केले. आकडा ०.७. मग नारळ फिरवून सुई भोकात घातली. छर्‍याला लागली, ‘टक्क’ असा आवाज बोटांत जाणवला. पडद्यावर बघते तर टोक छर्‍याच्या बाजूला पाच मिलिमीटर. सहा वेळा केले. दर वेळी आकडा एकच्या आत, दर वेळी छर्रा चुकलेला, आणि चुकीची दिशाही दर वेळी वेगळी.

ते कानामागचे हाड मला त्या नारळावर पुन्हा भेटले. कोणाला करून बघायचे असेल तर सांगा, फायली देते.

⸻

खाजन, पणजी
रविवार, रात्री १०.२५

माटोळी ताई, मी पायथॉनवाला, वैद्यकातले काही कळत नाही, पण हे वाचून हात शिवशिवले. प्लस आणि स्लायसर एकाच लॅपटॉपवर चालवता का? मध्ये नेमके काय वाहते?

⸻

माटोळी, फोंडा
रविवार, रात्री १०.५०

एकाच लॅपटॉपवर. प्लस सर्व्हर चालू करायचा, तो १८९४४ या पोर्टवर थांबतो. स्लायसरमध्ये ओपन-आयजीटी-लिंकचे मॉड्यूल उघडून तेच पोर्ट द्यायचे. मध्ये वाहतात ट्रान्सफॉर्म, म्हणजे अमुक खूण कॅमेऱ्याच्या हिशेबाने कुठे आहे आणि कशी वळली आहे ते सांगणारे १२ आकडे. निरोप केवढा? मथळा ५८ बाइटचा, आकडे ४८ बाइटचे. एवढ्याशा निरोपावर हत्याराची जागा ठरते, हे मला अजून विलक्षण वाटते.

पुढे ट्रान्सफॉर्मची साखळी लागते. सुईच्या टोकापासून सुईच्या चौकोनाकडे, तिथून कॅमेऱ्याकडे, कॅमेऱ्याकडून नारळाच्या चौकोनाकडे, आणि तिथून सीटीकडे. मधले दोन दुवे कॅमेरा देतो. पहिला पिव्हट कॅलिब्रेशनने मिळतो : सुईचे टोक एका खळग्यात रोवायचे आणि सुई सगळीकडे झुकवत गोल फिरवायची. टोक हलत नाही, चौकोन गोलाच्या पृष्ठभागावर फिरतो, त्यावरून टोक सापडते. शेवटचा दुवा म्हणजे रजिस्ट्रेशन. चूक कुठल्याही दुव्यात असो, पडद्यावर ती सारखीच दिसते : टोक भलतीकडे.

एक सूचना. चौकोन कागदावर छापून तसाच वापरू नका. आपल्याकडच्या पावसात कागद दोन दिवसांत फुगतो, कडा वळतात, आणि कॅमेऱ्याला चौकोन तिरका दिसतो. मी लादीच्या तुकड्यावर पूर्ण सपाट चिकटवला आहे.

⸻

सुरंगी, म्हापसा
सोमवार, सकाळी ७.१५

नारळाचा सीटी काढणारी ती मीच. इतक्या वर्षांत इतका शांत पडून राहिलेला रुग्ण मिळाला नव्हता! पण चित्र फार सुंदर आले. सीटीत घनता दाखवणाऱ्या हाऊन्सफील्डच्या मोजपट्टीवर पाणी ० आणि हवा उणे १०००. नारळात दोन्ही होते : पाण्याची एक सपाट रेघ आणि तिच्यावर काळा हवेचा बुडबुडा. भोवती खोबऱ्याची जाड कडा, मग करवंटीची पांढरी रेघ, आणि टोकाला छर्रा ताऱ्यासारखा.

आता कामाचे. नेव्हिगेशनसाठी सीटी मागवतात तेव्हा चिठ्ठीवर नुसते ‘सीटी पीएनएस’, म्हणजे सायनसचा सीटी, एवढेच लिहून येते. नेव्हिगेशन हा शब्दच नसतो. मग नेहमीसारखा काढला जातो आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी फोन येतो की हा चालत नाही. आम्हाला आधी सांगा. काप १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक हवेत, मध्ये फटी नकोत, गॅन्ट्री (यंत्राचे गोल कडे) तिरकी करायची नाही, आणि नाकाच्या शेंड्यासकट सगळा चेहरा चित्रात आला पाहिजे. नाक कापले गेले तर चेहऱ्यावरून जुळवणार काय? काप ३ मिलिमीटरचे घेतले तर खुणेची जागा त्या दिशेने तेवढी ढोबळ होते, मग पुढचे सॉफ्टवेअर कितीही चांगले असो.

दुसरे, व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्मचा फोटो पाठवू नका, पाठवायला सांगूही नका. डायकॉम फायलीच लागतात. चित्रातला प्रत्येक ठिपका किती मिलिमीटरचा आणि रुग्ण कसा झोपला होता, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. फोटोत यातले काहीच नसते. आणि शिकायला म्हणून कोणाच्या फायली घेतल्यात तर आतले नाव, जन्मतारीख, नंबर काढल्याशिवाय पुढे देऊ नका. रुग्णाचे नाव फाइलच्या नावात नसते, पोटात असते.

⸻

दूधसागर, मडगाव
सोमवार, दुपारी २.३०

मी कान-नाक-घसा सर्जन. माटोळी ताई, तुम्ही सांगितलेला प्रसंग आमच्यातल्या अनेकांनी पाहिलेला आहे, बोलत कोणी नाही.

सायनसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत डोळा आणि सायनस यांच्यामध्ये लॅमिना पॅपिरेशिया नावाचे हाड असते. कागदासारखे पातळ, म्हणून ते नाव. वर नाकाचे छत, म्हणजेच मेंदूचा तळ. मागे स्फेनॉइड या सगळ्यात मागच्या सायनसच्या भिंतीला खेटून दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड. एकदा शस्त्रक्रिया झालेल्या नाकात नेहमीच्या खाणाखुणा उरलेल्या नसतात, तेव्हा नेव्हिगेशनचा खरा आधार वाटतो. पण तिथे चांगले यंत्रही साधारण दोन मिलिमीटरच्या आसपासचीच हमी धरून वापरायचे असते, आणि ज्या भिंतीबद्दल बोलतोय ती दोन मिलिमीटरपेक्षा कितीतरी पातळ आहे.

माझी सवय सांगतो. रजिस्ट्रेशन झाल्यावर मी आकड्याकडे शेवटी बघतो. आधी नाकाच्या मुळाशी टेकवतो, मग मधल्या टर्बिनेटचे (नाकाच्या आतल्या वळलेल्या हाडाचे) पुढचे टोक, मग आत गेल्यावर नाकाची मागची भिंत. दुर्बिणीतून मला दिसते ती जागा आणि पडद्यावरची जागा एकच आहे ना? प्रत्येक टप्प्यावर पुन्हा. मधे कधीतरी सहायकाचा हात लागतो, कपाळाला बांधलेली रेफरन्स पट्टी जराशी सरकते आणि यंत्र निमूटपणे चुकीचे सांगत राहते. त्याला कळण्याचा मार्गच नाही. त्याच्या लेखी डोके म्हणजे ती पट्टी.

हे शास्त्र तसे जुने. १९०८ मध्ये लंडनला हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी प्राण्यांच्या मेंदूत नेमक्या जागी पोचण्यासाठी डोक्याला बसवायची चौकट केली. माणसासाठी ती १९४७ मध्ये स्पिगेल आणि वायसिस यांनी आणली. चौकट काढून टाकून सीटीचे चित्र शस्त्रक्रियेच्या मायक्रोस्कोपमध्ये दाखवले ते डेव्हिड रॉबर्ट्स यांनी, १९८६ मध्ये. चौकट होती तेव्हा तिचे स्क्रू हाताला लागत होते, सैल झाला तर कळत होता. आता तो स्क्रू सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणून सॉफ्टवेअर समजणारे माणूस थिएटरमध्ये असणे मला फार मोलाचे वाटते.

⸻

पोफळ, फर्मागुडी
सोमवार, सायंकाळी ६.०५

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ताई, एक कळले नाही. तीन डोळे बरोबर जुळले, चूक ०.७ आली, तर नारळ बरोबर बसलाच ना? नारळ घट्ट वस्तू आहे, वाकत नाही. मग दुसऱ्या टोकाला पाच कुठून आले?

⸻

माटोळी, फोंडा
सोमवार, रात्री ९.१०

पोफळ, बाळा, हाच प्रश्न. मला समजायला महिना लागला, म्हणून सावकाश सांगते.

लांब काठी एका टोकाला दोन बोटांत धर. बोटे केसभर हलली तरी दुसरे टोक वीतभर फिरते. नारळाचे तीन डोळे म्हणजे ती बोटे. ते एकमेकांपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर, सगळे एकाच टोकाला. टेकवताना झालेली बारीक चूक नारळाला थोडा कलवते. तो कल डोळ्यांपाशी दिसत नाही, दहा सेंटिमीटर पलीकडे दिसतो.

आता शब्द. खूण टेकवताना होणारी चूक म्हणजे एफएलई. जुळवून झाल्यावर टेकवलेली खूण आणि सीटीवरची तीच खूण यांत उरलेले अंतर म्हणजे एफआरई, पडद्यावर येतो तो हाच. आणि जिथे काम करायचे आहे तिथली चूक म्हणजे टीआरई. सर्जनला हवा असतो टीआरई. तो यंत्राला मोजता येत नाही, कारण तिथे खूणच नसते.

फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर यांनी १९९८ मध्ये टीआरईचा अंदाज काढायचे सूत्र दिले. खुणा किती, त्या किती पसरलेल्या आणि लक्ष्य त्यांच्या मध्यापासून किती लांब, यावर तो ठरतो. वहीत हिशेब केला. टेकवण्यातली चूक १ मिलिमीटर धरली. तीन डोळे, बाजू २५ मिलिमीटर, लक्ष्य १०० मिलिमीटरवर. अपेक्षित एफआरई येतो सुमारे ०.५८. आणि टीआरई? साडेचारच्या वर!

मग कागदावरच त्याच नारळाला सहा खुणा दिल्या. वर, खाली आणि चार बाजूंना, मध्यापासून साडेपाच सेंटिमीटरवर. टेकवण्यातली चूक तीच, १ मिलिमीटर. लक्ष्य मध्यापासून ५ सेंटिमीटरवर, त्याच टोकाजवळ. एफआरई आला ०.८२. टीआरई ०.५५.

आता हे दोन निकाल शेजारी ठेव. पडद्यावरचा आकडा ०.५८ वरून ०.८२ झाला, म्हणजे वाईट झाला. छर्‍यापाशी चूक साडेचारवरून अर्ध्या मिलिमीटरवर आली, म्हणजे आठपटीने सुधारली. हिरव्या चौकटीकडे बघून निवड करणारा माणूस तीन डोळेच निवडेल.

याचे कारणही सोपे आहे. तीनच खुणा असल्या की जुळवणीला त्यांच्या चुकांशी जमवून घ्यायला भरपूर मोकळीक असते. खुणा वाढल्या की मोकळीक कमी होते, चुका लपत नाहीत, आकडा चढतो. त्याच फिट्झपॅट्रिक यांनी २००९ मध्ये गणिताने दाखवले की एकाच मांडणीत वेळोवेळी येणारा एफआरई आणि टीआरई यांचा एकमेकांशी संबंध नसतो. म्हणजे आज ०.५ आला आणि काल ०.९ आला होता, तर आजचे रजिस्ट्रेशन चांगले, असे म्हणता येत नाही. मी अकरा वर्षे तेच म्हणत होते.

कानामागचे हाडही असेच. सगळ्या खुणा चेहऱ्यावर, काम डोक्याच्या मागे.

⸻

पोफळ, फर्मागुडी
सोमवार, रात्री ९.४५

कळले ताई. अंगावर काटा आला. मग मी हेच प्रोजेक्ट म्हणून करू का? स्लायसर फुकट आहे, परवाना खुला आहे, आपण एखाद्या रुग्णालयाला स्वस्तात नेव्हिगेशन बसवून देऊ शकतो ना?

⸻

खाजन, पणजी
सोमवार, रात्री ११.२०

परवाना मी वाचला. फेरफार करा, विका, हरकत नाही. पण स्लायसरवालेच स्वच्छ सांगतात की हे संशोधनासाठी आहे, रुग्णावर वापरायची मान्यता याला नाही. परवान्याने फक्त कोड वापरायची मुभा मिळते.

आपल्याकडे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत येते. धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग, आणि त्याप्रमाणे मान्यता घ्यायची. रुग्णालयात ‘बसवून देणे’ म्हणजे ती सगळी वाट चालणे. प्रोजेक्ट मात्र जरूर कर. वाचायचे असेल तर आयजीएसटीके नावाचा जुना संच बघ, जॉर्जटाउन युनिव्हर्सिटी आणि किटवेअर कंपनीचा. त्याचा प्रत्येक भाग स्टेट मशीनने बांधला आहे, म्हणजे कुठल्या स्थितीत कुठला आदेश चालेल ते आधीच ठरलेले. ट्रॅकर जोडलाच नसेल तर ‘ट्रॅकिंग सुरू’ हा आदेश चालतच नाही. थिएटरमधला प्रोग्राम कसा सावध लिहायचा याचा तो नमुना आहे. जर्मनीतले एमआयटीके, नॉर्वेतले कस्टस-एक्स आणि माँट्रियलचे आयबिस हेही खुले आहेत.

मी आज टेबल मांडले. उद्या लिहितो.

⸻

मांडवीकाठ, बेती
मंगळवार, सकाळी ६.५०

मी यातला नव्हे, निवृत्त शिक्षक. मुलाने हा धागा दाखवला. पत्नीच्या मेंदूत गाठ आहे, याच आठवड्यात शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले नेव्हिगेशन वापरणार. हे सगळे वाचून भीती वाटली. मी काय विचारावे?

⸻

दूधसागर, मडगाव
मंगळवार, सकाळी ७.३५

काका, आधी भीती बाजूला ठेवा. नेव्हिगेशन वापरणार ही चांगलीच गोष्ट आहे. त्यामुळे कवटीचे छिद्र लहान आणि नेमक्या जागी ठेवता येते. इथे आम्ही बोलतोय ते त्याची कसून तपासणी कशी करायची याबद्दल, आणि न्यूरोसर्जनला हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

विचारायचेच असेल तर दोन गोष्टी विचारा. रजिस्ट्रेशन झाल्यावर कुठल्या जागांवर टेकवून खात्री करता? आणि कवटी उघडल्यावर मेंदू सरकतो त्याचे काय करता? मेंदूभोवतीचे पाणी वाहून गेले, गाठ थोडी काढली, की मेंदू आपल्या जागेवरून हलतो, कधी सेंटिमीटरभरसुद्धा. आधीचा एमआरआय त्याला ठाऊक नसतो. त्यासाठी कुणी मधेच अल्ट्रासाऊंड करतात, कुणी नेव्हिगेशन सुरुवातीच्या टप्प्यापुरते धरतात. तुमचे डॉक्टर शांतपणे सांगतील.

आणि एक घरचे काम. एमआरआयच्या आधी कपाळावर, कानामागे गोल चिकट खुणा लावल्या असतील तर त्या शस्त्रक्रियेपर्यंत जशाच्या तशा राहू द्या. आंघोळीत एखादी निघाली तर स्वतः परत चिकटवू नका. निघाली म्हणून नुसते सांगा. अंदाजाने लावलेली खूण ही नसलेल्या खुणेपेक्षा वाईट.

⸻

मांडवीकाठ, बेती
मंगळवार, सकाळी ८.१०

देव बरे करो डॉक्टर. एक खूण कालच सैल झाली होती, मी दाबून बसवली. आता फोन करतो.

⸻

खाजन, पणजी
बुधवार, रात्री ११.५५

दोन रात्री गेल्या. माझ्या दोन चुका लिहितो, दुसऱ्यांच्या रात्री तरी वाचतील.

पहिली. चौकोन ५० मिलिमीटरचा म्हणून प्लसला सांगितले. प्रिंटरने ‘पानात बसवा’ म्हणत तो आकसला. व्हर्नियरने मोजला तर ४८.५. म्हणजे कॅमेऱ्याला सगळी अंतरे तीन टक्के मोठी वाटत होती. दहा सेंटिमीटरवर तीन मिलिमीटरची चूक तिथेच. जुळवणी फिरवते, सरकवते. लहान-मोठे करत नाही. तेव्हा ही चूक ती दुरुस्त करू शकत नाही.

दुसरी चूक जास्त भयंकर. स्लायसरमधून खुणांची फाइल काढली, माझ्या पायथॉनने वाचली, आकडे वापरले. एफआरई मस्त. पण सुई नारळाच्या एका बाजूला लावली की पडद्यावर बरोबर उलट्या बाजूला! तीन तास सुईचे कॅलिब्रेशन तपासत बसलो. शेवटी फाइलचा मथळा वाचला. तिथे लिहिले होते एलपीएस. स्लायसर आत आरएएस वापरतो : उजवा, पुढचा आणि वरचा अक्ष धन. फाइलमध्ये मात्र डायकॉमसारखा एलपीएस लिहितो, तिथे डावा आणि मागचा धन. पहिल्या दोन आकड्यांची चिन्हे उलटायची होती, मी उलटली नाहीत.

दोन्ही चिन्हे एकदम उलटली तर ते नुसते १८० अंशांचे वळण होते. सगळ्या खुणा एकत्रच वळल्या. आपापसातली अंतरे तीच, म्हणून एफआरईला काही खटकले नाही. सगळा नारळ उलटा फिरला होता आणि आकडा ०.९ दाखवत होता. नारळ गोल, त्यामुळे डोळ्यालाही पटकन कळले नाही. छर्‍याने सांगितले.

⸻

दूधसागर, मडगाव
गुरुवार, सकाळी ७.००

खाजन, तुमची दुसरी चूक आज आमच्या सगळ्या ज्युनिअरना वाचून दाखवणार आहे. डावे-उजवे हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धसका. मी स्वतः ड्रेपिंगच्या (रुग्णाला निर्जंतुक कापडाने झाकण्याच्या) आधी पॉइंटर रुग्णाच्या उजव्या कानाला लावून पडद्यावर उजवा कान बघतो. दोन सेकंदांचे काम.

⸻

माटोळी, फोंडा
रविवार, सायंकाळी ७.२०

आज दुसरा नारळ. या वेळी सीटीच्या आधीच सहा छर्रे बाहेरून एम-सीलने बसवले : शेंडीपाशी एक, तळाशी एक, कंबरेभोवती चार. सातवा आत, भोकाच्या तळाशी, तळातल्या खुणेपासून दोन बोटे बाजूला. सुरंगीताईंनी अर्ध्या मिलिमीटरचे काप दिले.

चौकोन व्हर्नियरने मोजून घेतला. सुईचे कॅलिब्रेशन तीनदा केले, तिन्ही जुळेपर्यंत थांबले. सहा खुणा टेकवल्या. आकडा १.३. मागच्यापेक्षा जवळपास दुप्पट. हात थोडा थरथरलाच, खोटे कशाला सांगू. मग सुई भोकात घातली. टक्क. पडद्यावर टोक छर्‍याच्या वरच्या कडेला, एका मिलिमीटरच्या आत. पुन्हा काढली, घातली. दहादा. एकदाच दीड मिलिमीटर दिसले, ते कॅमेरा टेबलाच्या धक्क्याने हलला तेव्हा.

मग मुद्दाम नारळाच्या चौकोनाला कोपराने जरासा धक्का दिला, डॉक्टरांनी सांगितलेल्या कपाळपट्टीसारखा. पडद्यावर काहीही बदलले नाही. तोच १.३. सुई घातली तर टोक करवंटीच्या बाहेर. हे मी चारदा केले, माझ्या दोन नव्या सहकाऱ्यांना शेजारी बसवून. त्यातली एक म्हणाली, ताई, पण आकडा तर तोच आहे. मी म्हटले, हेच बघायला तुला बोलावले.

उद्यापासून आमच्या तपासणीच्या कागदात एक रांग मी हाताने वाढवते आहे : कामाच्या जागेजवळची ओळखीची जागा कोणती, आणि तिथे टेकवल्यावर पडद्यावर किती अंतर दिसले. आकड्याची रांग आहे तशी राहील, तिच्या खाली.

मांडवीकाठ काका, काकूंची शस्त्रक्रिया कशी झाली ते सवडीने कळवा.

⸻

मांडवीकाठ, बेती
रविवार, रात्री ८.४५

शुक्रवारी झाली. काल शुद्धीवर आली, मला नावाने हाक मारली. सैल झालेल्या खुणेचे कळवल्यावर त्यांनी बोलावून घेऊन एमआरआय पुन्हा केला होता.

⸻

माटोळी, फोंडा
रविवार, रात्री ८.५०

काका, डोळे भरून आले वाचून.

पोफळ, पुढच्या शनिवारी ये, नारळ तू निवड. सुरंगीताई, गुरुवारी संध्याकाळी सीटी जमेल का? खाजन, लादीचे चार तुकडे आणि तो व्हर्नियर घेऊन या.